नाणेघाटाचे आकडे, सोपाऱ्याचा स्तूप: कोण होते भगवानलाल इंद्रजी?

मुरबाडहून नाणेघाटात रील काढायला जाल, तेव्हा गुहेतला ब्राह्मी लेखही बघा. त्यातले आकडे उलगडण्यात भगवानलाल इंद्रजींचा मोठा वाटा.

जन्म १८३९, जुनागढ. पदवी नाही; डॉ. भाऊ दाजी लाडांसाठी देशभर फिरून शिलालेखांच्या नकला करता करता ते तज्ज्ञ झाले.

नाणेघाटातून कोकणच्या बंदरांचा माल जुन्नरला जाई. त्यातलंच एक बंदर सोपारा. तिथला ‘बुरूड राजाचा कोट’ त्यांनी १८८२ मध्ये खणला, तर निघाला बौद्ध स्तूप! आत दगडी पेटी, एकात एक ठेवलेले करंडे, सोन्याची फुलं, भोवती बुद्धांच्या आठ छोट्या मूर्ती.

१८८८ मध्ये ते वारले. आज स्तूपाच्या चहूबाजूंना नालासोपाऱ्याच्या इमारती आहेत. नशीब, खोदकाम त्याआधी झालं. पेटीतला ठेवा मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहे.