रणभूमीवरील वार्ताहर : मार्गरिट हिगिन्स

दूरदेशीच्या युद्धाची बातमी वाचकाच्या हाती पडते, तेव्हा ती मिळवण्यासाठी कोणीतरी तोफांच्या माऱ्यात उभे राहिलेले असते, याचे स्मरण सहसा होत नाही. अशा वार्ताहरांत मार्गरिट हिगिन्स यांचे स्थान वेगळे आहे. रणांगणावर जाण्याआधी तेथे उभे राहण्याचा हक्कच त्यांना मिळवावा लागला.

त्यांचा जन्म ३ सप्टेंबर १९२० रोजी हाँगकाँग येथे झाला. वडील अमेरिकन, आई फ्रेंच. बालपण कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे गेले. बर्कली येथे पदवी व कोलंबिया विद्यापीठात पत्रकारितेचे शिक्षण घेऊन १९४२ साली त्या ‘न्यूयॉर्क हेरल्ड ट्रिब्यून’ या दैनिकात रुजू झाल्या. १९४४ मध्ये त्यांना युरोपात पाठवण्यात आले. २९ एप्रिल १९४५ रोजी डाखाऊ येथील छळछावणी मुक्त झाली, तेव्हा आत प्रवेश करणाऱ्या पहिल्या वार्ताहरांत त्या होत्या. त्या वेळी त्यांचे वय अवघे चोवीस वर्षांचे होते.

१९५० साली त्यांची नेमणूक टोकिओस झाली आणि २५ जून रोजी कोरियात युद्ध पेटले. दोनच दिवसांत त्या सोलमध्ये पोहोचल्या. २८ जूनच्या पहाटे हान नदीवरील पूल उडवण्यात आला. तेव्हा नावेतून नदी ओलांडून, निर्वासित व सैनिकांच्या लोंढ्याबरोबर पायी चालत त्यांनी सुवोनची वाट धरली. पुढे आघाडीवरील कोवळ्या, अननुभवी अमेरिकन सैनिकांची दैना त्यांनी जवळून पाहिली. जुनी शस्त्रे शत्रूच्या रणगाड्यांपुढे निष्प्रभ ठरत होती. हे कटू सत्य त्यांनी वाचकांपासून लपवले नाही.

जुलै महिन्यात जनरल वॉकर यांनी त्यांना आघाडी सोडण्याचा हुकूम दिला. तेथे स्त्रियांसाठी सोय नाही, हे कारण पुढे करण्यात आले. हिगिन्स यांनी थेट जनरल मॅकार्थर यांच्याकडे दाद मागितली व बंदी उठली. त्यांच्याच दैनिकाचे ज्येष्ठ वार्ताहर होमर बिगार्ट यांनाही त्यांची उपस्थिती रुचली नव्हती. या चढाओढीत दोघेही आघाडीच्या अधिकाधिक जवळ जात राहिले. ऑगस्टमध्ये एका हल्ल्याच्या वेळी हिगिन्स यांनी लेखणी बाजूला ठेवून जखमींना रक्तद्रव देण्याच्या कामी मदत केली. १५ सप्टेंबर रोजी इंचॉनच्या किनाऱ्यावर त्या गोळीबारातच नौसैनिकांसह उतरल्या.

१९५१ साली आंतरराष्ट्रीय वार्तांकनाचे पुलित्झर पारितोषिक कोरियातील सहा वार्ताहरांना मिळाले. त्यांत बिगार्ट होते आणि हिगिन्सही होत्या. रणभूमीवरील वार्तांकनासाठी हा बहुमान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या.

पुढे व्हिएतनामविषयीची त्यांची मते वादग्रस्त ठरली. १९६३ साली दिएम राजवटीसंबंधी तरुण वार्ताहरांशी त्यांचा तीव्र मतभेद झाला. परंतु परिस्थिती स्वतः पाहूनच लिहावे, हा आग्रह त्यांनी सोडला नाही. १९६५ च्या आशियाच्या दौऱ्यात त्यांना लीशमॅनियासिस हा वाळूमाशीच्या दंशाने होणारा रोग जडला. ३ जानेवारी १९६६ रोजी, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, वॉशिंग्टन येथे त्यांचे निधन झाले. आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत, सैनिकांच्या सान्निध्यात, त्यांना चिरविश्रांती लाभली. त्यांच्या मतांशी सहमत नसलेल्या वाचकालाही त्यांची वार्तापत्रे डावलता येत नाहीत. कारण त्यामागे प्रत्यक्ष पाहिल्याची साक्ष आहे.