आइन्स्टाइन आणि वेळेचे कोडे

आल्बर्ट आइन्स्टाइन यांचा जन्म १४ मार्च १८७९ रोजी जर्मनीतील उल्म या गावी झाला. लहानपणी वडिलांनी त्यांना होकायंत्र दाखवले. डबी कशीही फिरवली तरी सुई एकाच दिशेला वळते, हे पाहून ते थक्क झाले. तेव्हापासून ‘असे का?’ हा प्रश्न त्यांची पाठ सोडेना.

१८९५ साली झुरिकच्या तंत्रशाळेची प्रवेश परीक्षा त्यांनी दिली. गणितात चमकले, पण इतर काही विषयांत कमी पडले आणि प्रवेश हुकला. त्यांनी हिंमत सोडली नाही. वर्षभर आराऊच्या शाळेत शिकून त्यांनी प्रवेश मिळवला. १९०० साली पदवी मिळाली, पण नोकरी मिळेना. अर्जामागून अर्ज वाया गेले. अखेर एका मित्राच्या वडिलांनी शब्द टाकला आणि १९०२ साली बर्नच्या पेटंट कचेरीत ते तपासनीस झाले.

दिवसा ते इतरांचे शोध तपासत. उरलेल्या वेळात एक कोडे त्यांना छळत असे. प्रकाश सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर जातो. पाहणारा उभा असो की धावत असो, त्याला हा वेग तेवढाच दिसतो. हे कसे? १९०५ साली बेसो या मित्राशी चर्चा केल्यावर त्यांना उत्तर सुचले. चूक प्रकाशात नव्हती, वेळेबद्दलच्या आपल्या समजुतीत होती!

मुलांनो, सक्करदऱ्याहून अजनी स्टेशन फार दूर नाही. समजा, तेथून एक लांब गाडी भरधाव जात आहे. तिच्या पुढच्या आणि मागच्या टोकाला एकेक वीज पडली. त्या दोन जागांच्या बरोबर मध्ये तुम्ही फलाटावर उभे आहात. दोन्हींचा उजेड तुमच्याकडे एकदमच आला. तुम्ही म्हणाल, विजा एकाच वेळी पडल्या.

गाडीच्या बरोबर मधल्या डब्यात तुमची बहीण बसली आहे. उजेड येईपर्यंत गाडी पुढे सरकते. म्हणून पुढचा उजेड तिला आधी भेटतो, मागचा नंतर. गाडीची दोन्ही टोके तिच्यापासून सारख्याच अंतरावर आहेत आणि प्रकाशाचा वेगही सारखाच. तेव्हा तिच्या हिशेबाने पुढची वीज आधी पडली. मग खरे कोणाचे? दोघांचेही! ‘एकाच वेळी’ काय घडले, हे पाहणाऱ्याच्या गतीवर अवलंबून असते. आपल्या गाड्या प्रकाशापुढे फारच मंद असल्याने हा फरक आपल्याला जाणवत नाही.

हा सिद्धांत मांडला तेव्हा आइन्स्टाइन अवघे २६ वर्षांचे होते. १९२० साली मेघनाद साहा आणि सत्येंद्रनाथ बोस यांनी केलेले त्यांच्या लेखांचे इंग्रजी भाषांतर कलकत्त्यात छापले गेले. कोल्हापूरचे विष्णू वासुदेव नारळीकर यांनी पुढे बनारसला सापेक्षतेवर मोठे काम केले.

आइन्स्टाइन यांना १९२१ सालचे नोबेल पारितोषिक दुसऱ्या एका संशोधनासाठी मिळाले. ते ज्यू होते. १९३३ साली हिटलरची सत्ता आल्यावर त्यांना मायदेश कायमचा सोडावा लागला. १८ एप्रिल १९५५ रोजी अमेरिकेत त्यांचे निधन झाले.

घड्याळ सर्वांसाठी सारखेच चालते, असे सारे जग धरून चालले होते. आइन्स्टाइन यांनी तेही तपासून पाहिले. तपासनिसाचे कामच ते!