केंब्रिजमधील रामानुजन

थोर गणिती श्रीनिवास रामानुजन यांचा जन्म २२ डिसेंबर १८८७ रोजी तमिळनाडूतील इरोड येथे झाला. त्यांचे बालपण कुंभकोणम या मंदिरांच्या गावी गेले. वडील कापडाच्या दुकानात कारकून होते. घरी वैष्णव ब्राह्मणाचे कडक आचार पाळले जात. गणितापुढे इतर विषयांकडे लक्ष न दिल्यामुळे रामानुजन यांचे महाविद्यालयीन शिक्षण अपुरे राहिले आणि १९१२ मध्ये मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये दरमहा ३० रुपयांची कारकुनी त्यांनी पत्करली. जानेवारी १९१३ मध्ये त्यांनी आपली काही सूत्रे केंब्रिजचे विख्यात गणिती हार्डी यांना पाठवली. ती पाहून हार्डी थक्क झाले आणि त्यांनी रामानुजन यांना इंग्लंडला येण्याचे आमंत्रण दिले.

परंतु समुद्र ओलांडणे त्या काळी धर्मबाह्य मानले जाई. रामानुजन यांनी प्रथम नकारच दिला. पुढे त्यांच्या आईला कुलदेवता नामगिरी हिने स्वप्नात दृष्टान्त दिला आणि आईची संमती मिळाली, असे सांगतात. मद्रास विद्यापीठाने वर्षाला २५० पौंडांची शिष्यवृत्ती दिली. प्रस्थानापूर्वी आई व पत्नी जानकी यांना कुंभकोणमला पाठवण्यात आले. आपले बदललेले रूप त्यांनी पाहू नये, अशी रामानुजन यांची इच्छा होती. कारण शेंडी कापावी लागली होती आणि धोतराच्या जागी कोट-पाटलोण आली होती. काट्या-चमच्यांनी जेवण्याचा सरावही त्यांना करावा लागला. १७ मार्च १९१४ रोजी त्यांची बोट मद्रास बंदरातून निघाली.

सुरुवातीचे काही आठवडे रामानुजन केंब्रिजमध्ये नेव्हिल या प्राध्यापकांच्या घरी राहिले. नंतर ते ट्रिनिटी कॉलेजच्या खोल्यांत राहू लागले. तेथून हार्डी यांचे निवासस्थान जवळच होते. दोघांची जवळजवळ रोज भेट होई. गणिताच्या जगात रामानुजन यांना परकेपणा कधी वाटला नाही. कारकुनी करताना ज्या विषयावर मनमोकळे बोलायला फार थोडी माणसे मिळत, त्याच विषयावर येथे तासन्‌तास चर्चा होऊ लागली.

खोलीवर परतल्यावर मात्र नवा देश पावलोपावली जाणवे. आयुष्यभर अनवाणी किंवा साध्या वहाणांत वावरलेल्या पायांना बूट टोचत. म्हणून खोलीत ते सपाता घालून वावरत. कॉलेजच्या भोजनगृहातील अन्न त्यांना चालत नसे, कारण भाजीसुद्धा प्राण्यांच्या चरबीत तळलेली असण्याचा संभव होता. ते स्वतःच गॅसच्या शेगडीवर स्वयंपाक करू लागले. चिंच, मसाले अशा वस्तू मायदेशाहून मागवाव्या लागत. त्या न मिळाल्यास भात, मीठ आणि लिंबाचा रस यांवरही ते दिवस काढीत. गणितात मग्न असले म्हणजे स्वयंपाकाचे आणि जेवणाचे भान उरत नसे.

पुढे थोर संख्याशास्त्रज्ञ म्हणून प्रसिद्ध झालेले प्रशांतचंद्र महालनोबीस तेव्हा केंब्रिजमध्येच शिकत होते. एके दिवशी ते रामानुजन यांच्याकडे गेले असता रामानुजन शेगडीवरील भाजी ढवळीत होते. महालनोबीस यांनी एका मासिकातील कोडे वाचून दाखवले. एका रस्त्यावरील घरांना १ पासून क्रमांक दिले आहेत आणि घरांची संख्या ५० ते ५०० यांच्या दरम्यान आहे. एका घराच्या डावीकडील सर्व क्रमांकांची बेरीज उजवीकडील क्रमांकांच्या बेरजेइतकी आहे. तर ते घर कोणते? रामानुजन यांनी भाजी ढवळता ढवळताच या एकाच नव्हे, तर अशा सर्व प्रश्नांची उत्तरे देणारी रीत सांगितली. कोड्यातील घराचा क्रमांक २०४ आणि घरांची संख्या २८८ होती.

याच मित्राने एकदा त्यांना रात्री झोप नीट लागते का, असे विचारले. थंडी सोसवत नाही, म्हणून आपण ओव्हरकोट घालून, शाल पांघरून झोपतो, असे रामानुजन यांनी सांगितले. महालनोबीस यांनी शेजारच्या खोलीत जाऊन पाहिले. पलंगावर पुष्कळ ब्लँकेटे होती, पण ती इंग्रजी पद्धतीप्रमाणे गादीखाली घट्ट खोचलेली होती आणि त्यांवर चादर पसरलेली होती. रामानुजन त्या चादरीवरच झोपत होते! ब्लँकेटे उलगडून त्यांच्या आत शिरायचे असते, हे मित्राने दाखवले, तेव्हा ते अतिशय सद्‌गदित झाले. ऊब हाताशी असूनही ते थंडीने कुडकुडत होते. ते कोणाला विचारायला संकोचले आणि तोवर ही गोष्ट त्यांना सांगावी, असे कोणाला सुचले नव्हते.

त्यांचे मन किती हळवे होते, हे आणखी एका प्रसंगावरून दिसते. एकदा त्यांनी एका भारतीय मित्राला आणि काही स्त्रियांना जेवायला बोलावले. स्वतः केलेले रस्सम त्यांनी दोनदा वाढले. तिसऱ्यांदा वाढू लागताच स्त्रियांनी नको म्हटले. थोड्या वेळाने पाहतात तो यजमानच नाहीसे झालेले! आपण केलेले अन्न नाकारले गेले, या दुःखाने ते केंब्रिज सोडून ऑक्सफर्डला निघून गेले होते. ते चार दिवसांनी परतले.

ऑगस्ट १९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले. अनेक गणिती युद्धकार्यासाठी निघून गेले. भाजीपाला आणि दूध मिळणे कठीण झाले. समुद्रमार्ग धोक्याचे झाल्याने मायदेशी जाऊन येणेही शक्य नव्हते. तरीही संशोधन थांबले नाही. १९१६ मध्ये त्यांना केंब्रिजची पदवी मिळाली. परंतु १९१७ मध्ये प्रकृती ढासळली. डॉक्टरांनी क्षयरोगाचे निदान केले आणि पुढील बराच काळ रुग्णालयांत व आरोग्यधामांत गेला. १९१८ मध्ये रॉयल सोसायटीने त्यांना फेलो म्हणून निवडले. त्याच वर्षी ते ट्रिनिटीचे फेलो झाले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय होत.

युद्ध संपल्यावर, २७ मार्च १९१९ रोजी ते मुंबईच्या बंदरात उतरले. आई आणि भाऊ त्यांना न्यायला आले होते. समोर उभा राहिलेला मुलगा कृश आणि थकलेला होता. मृत्युशय्येवरही ते सूत्रे लिहीत राहिले. २६ एप्रिल १९२० रोजी, वयाच्या अवघ्या ३२व्या वर्षी, मद्रास येथे त्यांचे निधन झाले. त्यांचा आजार क्षय नसून यकृताचा असावा आणि त्यावर तेव्हाही उपचार शक्य होते, असे मत १९९४ मध्ये एका अभ्यासकाने मांडले.

केंब्रिजने रामानुजन यांच्या प्रतिभेला घर दिले. जेवण, झोप आणि ऊब या रोजच्या गोष्टींत मात्र ते बहुधा एकटेच राहिले. परक्या देशात आलेल्या माणसाला मानसन्मानाइतकीच शेजारच्या खोलीत डोकावून पाहणाऱ्या मित्राची गरज असते, हे त्यांचे चरित्र सांगते.