महाराजांची वाट आणि माझी स्कूटर

दत्तजयंतीच्या अंकासाठी काहीतरी लिहा, असा निरोप आला तेव्हा मी जरा बिचकलोच. मी अभ्यासक नव्हे. बी.कॉम. होऊन बँकेत ३४ वर्षे खाती लिहिली, निवृत्तीनंतर रावेतला मुलाकडे राहायला आलो. पण प. प. श्री वासुदेवानंद सरस्वती टेंबे स्वामी महाराजांचे चरित्र दरवर्षी वाचतो. यंदा ते वाचताना एक गोष्ट जिव्हारी लागली, ती आपल्यासमोर ठेवतो.

आपला दत्तसंप्रदाय मुळी चालणाऱ्यांचाच. प्रत्यक्ष दत्तप्रभूंची रोजची फेरी आपण लहानपणापासून ऐकतो : काशीला स्नान, कोल्हापूरला भिक्षा, माहूरला निद्रा. महाराजांनी तर आयुष्यच वाटेवर घातले.

महाराजांचा जन्म शके १७७६, श्रावण वद्य पंचमीचा, म्हणजे सन १८५४. गाव कोकणातले माणगाव, वडील गणेशभट्ट, आई रमाबाई. त्याच्या आदल्याच वर्षी बोरीबंदर ते ठाणे आपल्याकडची पहिली आगगाडी धावली होती. पुढे महाराजांच्या डोळ्यांदेखत देशभर रूळ पसरले. पण संन्यास घेतल्यावर महाराज वाहनात बसले नाहीत. अनवाणी चालले.

चालण्याची सुरुवात त्याआधीचीच. तरुणपणी ते माणगावाहून घाट चढून नृसिंहवाडीला जात. तिथेच त्यांची साधना फळाला आली. १८८३ साली त्यांनी माणगावात दत्तमंदिर उभे केले आणि सात वर्षे तिथे सेवा केली. मग आज्ञा झाली आणि भरभराटीला आलेले ते स्थान सोडून महाराज निघाले. बरोबर होत्या पत्नी अन्नपूर्णाबाई.

चरित्रात अन्नपूर्णाबाईंबद्दल फार ओळी नसतात. मीही इतकी वर्षे तेवढा भाग भराभर वाचून पुढे जायचो. यंदा थांबलो. घरदार मागे टाकून ही माउली नवऱ्यामागून वाडीला गेली, तिथून तीर्थे करीत गोदाकाठी गंगाखेडपर्यंत आली. पायात काय होते, दमल्यावर कुठे टेकत असतील, कोणाला ठाऊक! १८९१ च्या वैशाखात गंगाखेडलाच त्यांनी देह ठेवला. त्यांचे उत्तरकार्य उरकून महाराजांनी संन्यास घेतला आणि उज्जैनला नारायणानंद सरस्वतींकडून दंड घेतला. तेव्हा वय ३७ सुद्धा पुरे नव्हते.

त्यानंतर २३ चातुर्मास झाले. मी नातवाच्या शाळेच्या नकाशावर पेन्सिलीने खुणा केल्या. पहिला उज्जैन. मग कानपूरजवळचे ब्रह्मावर्त, हरिद्वार, द्वारका, नर्मदेकाठचे चिखलदा, मराठवाड्यातले नरसी, दक्षिणेत तंजावर, कृष्णाकाठचे मुक्त्याळा, वैनगंगेकाठची पवनी, तुंगभद्रेवरचे हावनूर, श्रीपाद श्रीवल्लभांचे कुरवपूर आणि शेवटी गरुडेश्वर. खुणा जोडल्या तर नकाशाभर जाळे झाले. नातू म्हणाला, आजोबा, एवढं गाडीने फिरायलाही वर्ष लागेल! आणि महाराजांच्या अंगात संग्रहणीचा जुना आजार. रायचूरजवळच्या कुरवपुराहून पुन्हा नर्मदातीरी आले ते साठीच्या उंबरठ्यावर. जवळ दंड, कमंडलू, छाटी आणि पूजेची दत्तमूर्ती. पैशाला स्पर्श नाही. याच वाटचालीत दत्तपुराणासारखे ग्रंथ झाले आणि आपण रोज म्हणतो तो अठरा अक्षरी मंत्र घरोघर पोचला.

आता मुख्य मुद्दा. एवढा चालणारा संन्यासी पावसाळ्यात एका जागी का थांबतो? शास्त्र सांगते, त्या दिवसांत वाटेवर किडामुंगी, गांडूळ, नवे अंकुर येतात. ते पायाखाली चिरडू नयेत. म्हणजे बघा, चातुर्मासाच्या मुळाशी वाटेवरच्या दुबळ्या जिवाची काळजी आहे. दुबळ्याला वाट देण्यासाठी चालणाऱ्याने थांबायचे. महाराजांनी हा नेम २३ वर्षे पाळला.

आणि मी? मला हे दरवर्षी वाचून पाठ होते.

आमच्या रावेतला पवनेचा काठ आहे, मोठे रस्ते झाले, उंच इमारती झाल्या. फूटपाथ आहेत, नाही असे नाही. पण कुठे टपरी, कुठे वाळूचा ढीग, कुठे वाहने. दर गुरुवारी मी दर्शनाला स्कूटरवर जायचो आणि स्कूटर बिनदिक्कत फूटपाथवर चढवायचो. रस्त्यात कोणाला अडचण नको, अशी आपली समजूत! माझे पाहून आणखी दहाजण लावायचे. गुडघे दुखतात म्हणून सौ. पायीच यायची, डॉक्टरांनी रोज चालायला सांगितले होते.

दोन वर्षांपूर्वी एका गुरुवारी मी आधी पोचून आरतीला उभा राहिलो. सौ. मागून येत होती. गाड्यांच्या रांगेमुळे तिला फूटपाथवरून खाली रस्त्यावर उतरावे लागले. मागून मोटरसायलचा धक्का बसला. मनगट मोडले. महाराजांच्या कृपेने तेवढ्यावर निभावले. लोकांनी तिला उचलून जिथे टेकवून बसवले होते, ती रांगेतली पहिली स्कूटर माझीच होती.

सौ. मला काही बोलली नाही. अजूनही बोललेली नाही. पण तेव्हापासून ती एकटी रस्त्यावर येत नाही.

नंतर मी टेप घेऊन मोजले. चालणाऱ्यासाठी किमान १.८ मीटर मोकळी वाट हवी, असे आपल्या रस्त्यांचे मानक सांगते. स्कूटरची लांबी साधारण तेवढीच भरते. एक आडवी लावली की वाट बंद. खात्यात एवढी साधी वजाबाकी मी कधी केली नव्हती.

आता गुरुवारी मी चालत जातो. सौ.ला बरोबर घेतो आणि तिच्या पावलाने चालतो. पंचवीस मिनिटे लागतात, मंत्र म्हणायला पुरेशी. अर्धा तास आधी पोचून दारातल्या गाड्या मागच्या मोकळ्या जागेत लावा, अशी विनंती करतो. काहीजण ऐकतात, काहीजण हसतात. फूटपाथची फुटकी फरशी दिसली की अर्जही देतो. अर्ज लिहायची सवय जुनीच आहे.

शके १८३६ च्या आषाढ शुद्ध प्रतिपदेला, १९१४ साली, महाराजांनी गरुडेश्वरी नर्मदातीरी देह ठेवला. त्यांच्यासारखे चालणे आपल्याला या जन्मी जमायचे नाही. पण भक्तहो, जयंतीला पालखी निघेल तेव्हा गाडी लावण्यापूर्वी मागे एकदा वळून पाहा. मागून कोणाची तरी अन्नपूर्णा पायी येत असेल. तिच्यापुरती वाट मोकळी ठेवू या.

श्रीगुरुदेव दत्त!