फुलांच्या घरातील ठेकेदार

महात्मा जोतीराव फुले यांना महाराष्ट्र ओळखतो तो मुलींच्या शाळेमुळे आणि सत्यशोधक समाजामुळे. ते सरकारी बांधकामांचे ठेकेदारही होते, हे मात्र पुष्कळांच्या ध्यानात नसते. नांदेड जिल्ह्याचा बराच भाग काळ्या पाषाणाचा. आपल्या देगलूरकडे मात्र ग्रॅनाइटचे खडक वर आलेले दिसतात. येथील एखादा तरुण दगडाच्या धंद्यात उतरावयाचे म्हणू लागला, की हे काम आपल्या घराण्यात कोणी केले आहे काय, असा प्रश्न वडीलधारी मंडळी प्रथम करतात. अशा घरांनी जोतीरावांच्या चरित्राची ही बाजू अवश्य पाहावी.

जोतीरावांचा जन्म १८२७ सालचा. घराणे फुलांचा व्यवसाय करणारे. त्यावरूनच फुले हे आडनाव रूढ झाले. स्कॉटिश मिशनच्या शाळेत त्यांचे शिक्षण झाले. १८४८ साली त्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली आणि त्यापायी पुढल्याच वर्षी त्यांना व सावित्रीबाईंना वडिलांचे घर सोडावे लागले. समाजकार्यावर पोट भरत नाही. तेव्हा चरितार्थाचा स्वतंत्र मार्ग शोधणे प्राप्त झाले. १८६३ च्या सुमारास त्यांनी धातूच्या ओतकामास लागणारी साधने पुरविण्याचा व्यापार सुरू केला. पुढे ते ठेकेदारीत शिरले. खडकवासल्याच्या धरणास त्यांनी बांधकामाचे साहित्य पुरविले. कात्रजच्या बोगद्याच्या कामावर मजूर पुरविले.

हे धरण दगडी बांधणीचे. अशा कामावर माल पुरविणे म्हणजे काय, हे जाणत्यांस सांगावयास नको. खाणीतून दगड काढावा, निवडावा, घडवावा, बैलगाड्यांनी कामावर पोहोचवावा, ब्रासच्या मापाने मोजून द्यावा. नापसंत झालेला माल अंगावर पडतो. मजुराची मजुरी वेळच्या वेळी द्यावी लागते. बिलाचे पैसे मात्र मागाहून हाती येतात. ज्यास हा हिशेब उमगला नाही, त्यास खाण कितीही उत्तम मिळाली तरी धंदा तारीत नाही.

जोतीरावांना या व्यवसायाने पैशापरते आणखी काही दिले. श्रम करणारी माणसे व सरकारी खात्यांचा व्यवहार त्यांना जवळून पाहावयास मिळाला. १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात त्यांनी बंधारे घालून पावसाचे पाणी व माती शेतात मुरविण्याचा आग्रह धरला. १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन देताना आपण व्यापारी व शेतकरी आहोत, अशी ओळख त्यांनी स्वतःच नोंदविली. त्या ओळखीचा त्यांना संकोच वाटला नाही.

मिळविलेले धन त्यांनी साठविले नाही. ते लोककार्यात खर्ची पडले. १८८८ साली पक्षाघात झाल्यावर अखेरचे दिवस ओढगस्तीत गेले आणि २८ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांचे देहावसान झाले. त्या काळचे ते धरण १२ जुलै १९६१ रोजी पानशेतच्या पुरात फुटले आणि पुन्हा बांधून काढावे लागले.

धंदा वंशपरंपरेनेच येतो, हा समज जोतीरावांनी कृतीने खोटा ठरविला. आपल्या तरुणांनीही प्रथम खाणीवर उभे राहून जाणत्या पाथरवटाकडून दगड ओळखण्यास शिकावे, मजुराचे देणे कधी थकवू नये आणि मगच भांडवल घालावे. घराण्यात हे काम कोणी केले नव्हते, एवढ्याच कारणाने कोणी मागे राहू नये.