शिक्षकांचे शिक्षक : बाळशास्त्री जांभेकर

मराठी वृत्तपत्राचे जनक म्हणून बाळशास्त्री जांभेकर सर्वांस परिचित आहेत. १८३२ साली त्यांनी सुरू केलेल्या ‘दर्पण’ पत्राचे नाव आपण ऐकतोच. परंतु येथे आम्ही स्मरण करीत आहोत ते त्यांच्या दुसऱ्या, काहीशा विस्मृत कार्याचे.

कोकणातील पोंभुर्ले गावी १८१२ साली त्यांचा जन्म झाला. घरी संस्कृताचे अध्ययन करून ते मुंबईस आले व थोड्याच काळात इंग्रजी आणि गणित यांत पारंगत झाले. १८३४ साली, ऐन बाविशीत, एल्फिन्स्टन संस्थेत त्यांची अध्यापक म्हणून नेमणूक झाली. कुलाब्याच्या वेधशाळेचे कामही त्यांनी पाहिले. हे ज्ञान मायबोलीत यावे म्हणून १८४० साली त्यांनी ‘दिग्दर्शन’ मासिक काढले आणि त्यातून गणित, भूगोल, रसायन असे विषय मराठी वाचकांपुढे मांडले.

पुढे मराठी शाळांच्या तपासणीचे काम त्यांच्याकडे आले. ज्या पंतोजींस हिशेबाचे मर्म स्वतःसच उमगलेले नाही, ते मुलांकडून केवळ घोकंपट्टीच करवून घेणार! १८४५ साली अध्यापक-वर्गाची धुरा बाळशास्त्र्यांवर सोपविण्यात आली. उच्च गणित शिकविणारा हा विद्वान आता गावोगावच्या शाळांसाठी शिक्षक घडवू लागला. दुर्दैवाने १८४६ साली, वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

भाकरीचे चार भाग करून अपूर्णांक समजावून देणारे गुरुजी आम्हांस लाभतात, तेव्हा त्यांच्या त्या तयारीमागे बाळशास्त्र्यांसारख्यांचे श्रम आहेत, हे आम्ही विसरता कामा नये.