यवन सम्राट मिलिंद

मिलिंद हे नाव आपल्याकडे घरोघरी आहे. मुलाचे नाव मिलिंद ठेवतात, संस्थेला मिलिंद म्हणतात. पण हा मिलिंद कोण, कुठला, त्याने काय केलं, असं विचारलं तर पुष्कळांना एवढंच सांगता येतं की तो एक राजा होता आणि त्याने भदंत नागसेनांना प्रश्न विचारले. म्हणून या राजाच्या जीवनाची थोडक्यात ओळख करून घेऊ.

मिलिंदाचे मूळ ग्रीक नाव मिनँडर. ग्रीकांना आपल्याकडे यवन किंवा योनक म्हणत. इ.स.पूर्व ३२६ मध्ये अलेक्झांडर पंजाबात आला आणि बियास नदीवरून परत फिरला. त्याच्या मागे हिंदुकुश पर्वताच्या उत्तरेला, बॅक्ट्रियात, ग्रीकांची वस्ती राहिली. पुढे तिथे त्यांचे स्वतंत्र राज्य झाले. मौर्य साम्राज्य मोडकळीला आले, मगधात पुष्यमित्र शुंग सत्तेवर आला, त्याच सुमारास हे बॅक्ट्रियाचे ग्रीक राजे हिंदुकुश ओलांडून खाली उतरले. या राजांत सर्वांत मोठा ठरला तो मिलिंद. इ.स.पूर्व १६५ ते १३० हा साधारण त्याचा काळ मानतात.

त्याचा जन्म अलसंद द्वीपातील कलसी गावचा, असे मिलिंदपञ्ह हा पाली ग्रंथ सांगतो. अलसंद म्हणजे अलेक्झांड्रिया. ते आजच्या अफगाणिस्तानात काबूलच्या उत्तरेला होते, असे बहुतेक अभ्यासकांचे मत आहे. म्हणजे हा राजा रक्ताने ग्रीक, पण जन्माने इकडचाच. त्याची राजधानी सागल, म्हणजे आजच्या पाकिस्तानातील सियालकोट. काबूलच्या खोऱ्यापासून पंजाबपर्यंत त्याची सत्ता होती. अलेक्झांडरपेक्षाही जास्त लोकसमूह त्याने जिंकले, असे ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबोने नोंदवून ठेवले आहे.

त्याची नाणी तर हजारोंनी सापडली आहेत. एका बाजूला ग्रीक अक्षरे, दुसऱ्या बाजूला खरोष्ठी लिपीत प्राकृत. आपण ज्यांच्यावर राज्य करतो त्यांना आपलं नाव त्यांच्या भाषेत वाचता आलं पाहिजे, एवढी जाण त्या व्यवहारात दिसते. बऱ्याच नाण्यांवर ग्रीकांची देवी अथेना आहे. पण काही नाण्यांवर आठ आऱ्यांचे चक्र आहे. ते धम्मचक्रच असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. ही नाणी त्याच्यानंतर दोनशे वर्षांनीही भडोचच्या बाजारात चालत होती, असे त्या काळच्या एका ग्रीक खलाशाच्या ग्रंथात आले आहे.

पण जगाने त्याला लक्षात ठेवले ते तलवारीमुळे नव्हे, नाण्यामुळेही नव्हे. लक्षात ठेवले ते प्रश्नांमुळे. ग्रंथात वर्णन आहे की हा राजा मोठा विद्वान, वादात कुणाला हार जाणारा नव्हे. एकेक आचार्य यायचा, राजाच्या प्रश्नापुढे गप्प व्हायचा. भिक्षू आयुपालही निरुत्तर झाले. आपल्याशी बोलू शकेल असा कुणी उरला नाही, असे राजाला वाटू लागले. तेव्हा भदंत नागसेन सागल नगरीत आले.

इथली एक गोष्ट नीट पाहण्यासारखी आहे. चर्चा सुरू करण्याआधी नागसेनांनी अट घातली. बोलायचे तर पंडित बोलतात तसे बोलू, राजे बोलतात तसे नाही. पंडितांच्या वादात चूक दाखवली तर कुणी रागावत नाही. राजाला मात्र विरोध केला की शिक्षा होते. हातात भिक्षापात्र असलेला भिक्षू एवढ्या मोठ्या सम्राटाला हे तोंडावर सांगतो आणि सम्राट ते मान्य करतो! सिंहासन बाजूला ठेवून त्याने पंडिताची जागा घेतली. त्याचा सर्वांत मोठा विजय कुठला म्हणाल, तर हाच.

मग ती रथाची प्रसिद्ध चर्चा. राजा रथातून आला होता. नागसेनांनी विचारले, आस म्हणजे रथ का? चाके म्हणजे रथ का? जू म्हणजे रथ का? राजा प्रत्येकाला नाही म्हणत गेला. हे सगळे एकत्र आले की त्याला रथ म्हणतात, वेगळा रथ म्हणून काही नाही, हे त्याच्याच तोंडून निघाले. माणसाचेही तसेच. अनात्मवादासारखा अवघड विषय नागसेनांनी दारात उभ्या असलेल्या रथावरून समजावला. रात्रभर जळणाऱ्या दिव्याची ज्योत तीच की दुसरी, दुधाचे दही होते ते तेच की वेगळे, असे रोजचे दाखले देऊन पुनर्जन्माचा विचारही उलगडला.

त्या काळच्या समाजात यवनाची जागा कोणती होती, हेही विसरता येत नाही. मनुस्मृतीने यवनांना संस्कार सोडल्यामुळे शूद्रत्वाला गेलेल्यांत बसवले. नागसेन स्वतः ब्राह्मण कुळात जन्मलेले. पण त्यांनी राजाचे कुळ विचारले नाही, त्याचा प्रश्न पाहिला. धम्माच्या दारात जन्माची चौकशी होत नाही, ती अशी.

शेवटी राजाने विहार बांधून नागसेनांना दिला, राज्य मुलाकडे सोपवले आणि प्रव्रज्या घेतली, असे मिलिंदपञ्ह सांगतो. ग्रीक लेखक प्लुटार्क मात्र सांगतो की तो सैन्याच्या छावणीत वारला आणि त्याच्या अस्थींसाठी नगरांत भांडण लागले. अखेर त्या वाटून घेऊन प्रत्येक नगराने स्मारक उभारले. त्याचा मुलगा स्ट्रॅटो तेव्हा लहान असावा, असे नाण्यांवरून दिसते. म्हणून पुष्कळ इतिहासकार प्रव्रज्येची कथा मान्य करत नाहीत. आपणही ती डोळे मिटून मानू नये. प्रश्न विचारणाऱ्या राजाची कथा बिनप्रश्न स्वीकारली तर त्याचाच मान कमी होईल. पण अस्थी वाटून स्तूप उभारण्याची रीत तथागतांच्या महापरिनिर्वाणानंतरची आठवण करून देते. यवन राजाच्या वाट्याला ती आली, हे लहानसहान नाही.

त्याच्यानंतरही यवन उपासक धम्माला धरून राहिले. आपल्या महाराष्ट्रात कार्ल्याच्या चैत्यातील खांबांवर धेनुकाकटच्या यवनांची दाने कोरलेली आहेत. जुन्नरला यवनांनी पाण्याची टाकी आणि भोजनमंडप दिला. नाशिकचे १७ क्रमांकाचे लेणे धम्मदेवाचा पुत्र इंद्राग्निदत्त या उत्तरेकडील योनकाने खोदवले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० साली औरंगाबादला, आताच्या छत्रपती संभाजीनगरला, महाविद्यालय काढले. त्याला मिलिंदाचे आणि त्या परिसराला नागसेनवन हे नाव मिळाले. एकाच आवारात विचारणारा आणि उत्तर देणारा, दोघेही आले.

मुलाचे नाव मिलिंद ठेवणे सोपे आहे. तो मिलिंद उद्या घरात, विहारात, सभेत उठून प्रश्न विचारील, तेव्हा त्याला खाली बस म्हणू नका. उत्तर येत असेल तर नागसेनांसारखे शांतपणे द्या. येत नसेल तर त्याच्यासोबत बसून शोधा. राजा मिलिंदाला खरे अभिवादन तेच.